अंगणात कोणी नव्हतं

गोंदियाहून एसटी सुटली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) तरंगत असल्यासारख्या वाटत होत्या. डुलकी लागली. जाग आली तेव्हा नवेगाव बांध आलं होतं. तलावाचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. एक डोंगा (लाकडी होडी) कुठूनसा आला आणि पुन्हा धुक्यात विरघळला.

मी आर्किटेक्ट. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी गावालगत एक छोटं केंद्र मी आखलं होतं. ते उघडून वर्ष झालं, म्हणून बघायला आले होते. माझा सगळा जीव मधल्या अंगणात. चारी बाजूंनी ओसरी, मध्ये आवळ्याचं झाड आणि रस्त्याकडे उंच भिंत, कोणी टकामका बघू नये म्हणून.

अंगणात कोणी नव्हतं.

सगळे फाटकाबाहेर, रस्त्यावरच्या मोरीच्या (छोट्या पुलाच्या) कठड्यावर, धुक्यातून झिरपणाऱ्या कोवळ्या उन्हात बसलेले. केंद्र सांभाळणाऱ्या सिस्टरही खुर्ची घेऊन तिथंच. "रोज आत बोलावते, ऐकत नाहीत," त्या म्हणाल्या. "एखादी गाडी अंगावर येईल, हीच धास्ती."

कठड्यावर पन्नाशीचे देवाजी होते. आजाराआधी ते तलावात जाळं टाकायचे. मी शेजारी बसले. "आतलं अंगण आवडलं नाही का?"

"अंगण बेस आहे, बाई. पन तिथं कोन येते? इथं बसलो का बाजारले जानारे इचारतेत, 'का जी देवाजी, जेवला का?'" थोडं थांबून ते म्हणाले, "तीन साल शहरातल्या दवाखान्यात होतो. वापस आलो त घरचेच मले पाहुन्यावानी पाहून राहिले. दिसत राहिलो त लोकं इसरत नाई."

तेवढ्यात टोपली घेऊन जाणाऱ्या एका बाईने न थांबताच त्यांच्या हातात उकडलेले शिंगाडे ठेवले. देवाजींनी निम्मे मला दिले. गरम होते, चिखलाचा मंद वास असलेले. धुकं विरत गेलं आणि समोर तलाव हळूहळू उमटला.

ज्या नजरांपासून मी त्यांना वाचवलं होतं, त्याच त्यांना हव्या होत्या. मला लाज वाटली.

दुपारी लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि भात जेवून मी सिस्टरना म्हटलं, "भिंत काढू. फाटकाच्या आतच, रस्त्याकडे तोंड करून, सावलीचा लांब ओटा बांधू."

"आणि कोणी दगड मारला तर?"

देवाजी हात धूत म्हणाले, "मारील त त्याच्या बापाले मी वळखतो."

सिस्टर पहिल्यांदाच हसल्या. निम्मी भिंत आधी पाडून बघायचं ठरलं.

परतीच्या एसटीत आराखडा मांडीवर घेऊन मी त्या निम्म्या भिंतीवर पेन्सिलने काट मारली. आजवर प्रत्येक खोली आखताना मी एकच विचारत आले, इथून काय दिसेल? आतल्या माणसाला कोणाच्या नजरेत राहायचंय, हे कधी विचारलंच नव्हतं.