सलीमभाईनं बदललेलं कार्ड

सलीमभाई चोर न्हवता.

तो चोर हाय म्हणून वडवणीत मीच सांगत फिरले. म्हणून गावच्या व्हॉट्सॲप गटावर हेबी मीच लिहिते. दुसरीपत्तुर शिकलेय, चुका काढत बसू नका.

आज सकाळी तो वारला. बसस्टँडामागं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

माझी सून मनीषा घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आन् फ्लेक्स बनवती. कॉम्प्युटर जुना. दोन वर्षांमागं दिवाळी झाली, लग्नाच्या ऑर्डरी सुरू झाल्या आन् स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी पट्ट्या यायला लागल्या. अर्ध्या तासात सगळं काळं.

सलीमभाई दारात चप्पल काढत होता तवा मी सुनेला म्हणत होते, "दिसभर त्याच्यापुढं बसती. तूच तापवून मारलंस त्याला."

आठ दिवसांवर लग्न आलेल्या लोकांच्या पत्रिका त्या कॉम्प्युटरात अडकलेल्या.

मी खुर्ची सलीमभाईच्या पाठीशी लावून बसले. सोनार आन् रिपेरवाला, दोघांच्या हातावर नजर पायजे.

आधी त्यानं दुसरा मॉनिटर लावला. पट्ट्या तशाच. वायर बदलली. तशाच.

मग कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली रॅमची पट्टी काढली आन् शाळेतल्या खोडरबरानं घासत बसला.

"रबरानं रोग जातो व्हय रं?"

"कधी कधी जातो, मावशी."

गेला न्हाई.

शेवटी चित्राचा भार वढणारं ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं. तळहातापेक्षा जरा मोठं, वर बारका पंखा. वायर कॉम्प्युटरच्याच दुसऱ्या भोकात खोचली. स्क्रीन लख्ख.

"दुखणं ह्या कार्डात हाय. नवं टाकावं लागंल."

"त्याच्याबिगर चालतंय की. मग नवं कावून?"

"चित्र दिसतंय, मावशी. पण सूनबाईचं काम वढायचं न्हाई."

मनीषानं मोठा फ्लेक्स उघडून बघितला. बैल चिखलात रुतावा तसा रुतला.

तरी माझ्या मनातलं गेलं न्हाई. कारण ते कार्ड घेऊन तो खिडकीपाशी गेलता. पंख्यात डोकावला. मग डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आन् गपकन कार्ड पिशवीत घातलं.

"काय निघालं?"

"काय न्हाई. जुनं झालतं."

चाळीस वर्षं बाजारात भाजी विकलीय. खोटं बोलणारा माणूस मला कळतो.

दुसऱ्या दिवशी नवं कार्ड बसवलं. पट्ट्या गेल्या. जाताना म्हणला, "डब्यावर कापड झाकत जा. सणासुदीला तर झाकाच."

सणाचा आन् कॉम्प्युटरचा काय संबंध? संशय पक्का झाला.

"जुनं कार्ड दे माझं."

"त्याचं काय करता, मावशी?"

"लोणचं घालते. दे."

दिलं. पण मनातून देत न्हवता, हे दिसत होतं.

मग मी सुरू झाले. गिरणीत, आठवडी बाजारात, भजनाला. "चांगलं कार्ड खराब सांगतो आन् लपवून न्यायला बघतो. ह्या डोळ्यानं बघितलंय."

लोक आपापले कॉम्प्युटर बीडला न्यायला लागले. नेमाची दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीबी तुटली त्याची.

मी एवढ्यावर थांबले न्हाई. पुरावा पायजे म्हणून कार्ड घेऊन बीडला गेलते. तिथल्या रिपेरवाल्यानं चार स्क्रू काढून पंखा उचलला.

आत हळद. कुंकू. चिखलावानी थापलेलं. आन् पात्याखाली अडकलेल्या दोन अक्षता.

"आजी, ह्यात देव कुणी बसवला?"

मी बसवला.

दसऱ्याला आमच्यात शिलाई मशीन, पाण्याची मोटर, खुरपं, सगळ्याची पूजा असती. कॉम्प्युटरचीबी. मी म्हणले, वरल्या पत्र्याला कुंकू लावून काय उपेग, यंत्र तर आत हाय. म्हणून जाळीतून चिमूट चिमूट आत सोडलं. सलग चार दसरे. सून निवदाच्या गडबडीत, तिनं बघितलं न्हाई.

पंखा अडला आन् कार्ड तापून मेलं.

येताना तशीच त्याच्या दुकानात उतरले.

"कावून सांगितलं न्हाई?"

त्यानं पेचकस खाली ठेवला. "माझ्यादेखत तुमी सुनेला बोलला होता, तूच मारलंस म्हणून. त्यावर मी हे काढलं असतं तर दोघींत काय ऱ्हायलं असतं?"

"आन् मी तुला गावभर चोर म्हणले ते?"

"ते कळलं मला, मावशी."

एवढंच बोलला. तरी माझा जीव कुठं भरवसा ठेवतो. म्हणले, "आता कुणाकुणाला सांगशील?"

"सांगायचं असतं तर तवाच सांगितलं असतं. चहा घ्या."

चहा न घेता आले. त्यानंतर वर्षभर कान देऊन होते, कुठून तरी निघंल म्हणून. निघालं न्हाई.

मीबी गप ऱ्हायले. माझं बोललेलं परत घेतलं न्हाई. त्यानं माझं झाकलं, मी त्याचं उघडंच ठेवलं.

आज त्याच्या घरी गेलते. बायकोला सगळं तोंडानं सांगितलं.

ती म्हणली, "तुमीच बोलत होता, हे आमाला ठाऊक होतं, मावशी. ते म्हणायचे, म्हातारी हाय, बोलून बोलून थकंल. पण हळदीचं मला आज कळतंय."

बायकोलाबी सांगितलं न्हवतं त्यानं.

मनीषा, तू हे वाचशील. कॉम्प्युटर तू मारला न्हाईस. मी मारला.

आन् वडवणीकरांनो, सलीमभाईचं माझ्याकडनं जे ऐकलंत ते खोटं होतं. ज्यांच्याकडं असला फोन न्हाई, त्यांच्या दारात उद्यापासून मी स्वतः जाणार हाय. गिरणीपासून सुरुवात करते.

जा सलीमभाई. तुझ्या हातात खोट न्हवती.