मुद्देमालाला वासरू झाले

ती लाल गाय अजून डोळ्यांसमोर आहे, आणि तिच्यापायी मिळालेला मेमो अजून कपाटात.

दिग्रसकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका मजूर बाईची गाय चोरीला गेली होती. दोन दिवसांनी खबऱ्या जीपवाल्याचा फोन आला, "साहेब, दारव्ह्याच्या बाजारात एक दलाल तशीच गाय घेऊन उभा हाय."

गाय जप्त केली, दलालाला ठाण्यात आणले. त्याने शांतपणे बाजाराची पावती काढली. लाल गाय, भाकड. बाई म्हणाली, "माही गाय गाभण हाय, साहेब." गाय पहिलारू, पोट फारसे दिसत नव्हते.

दोन तास विचारपूस चालली. मी ओरडलो, टेबल आपटले. गडी हलेना. मग आठवले, मी बैलबाजारात वाढलेला माणूस. दलाल धाकाला बधत नाही, भावाला बधतो.

"समज, मी गिऱ्हाईक," म्हणालो. दुपट्ट्याखाली त्याचा हात धरला आणि बाजाराच्या रीतीने बोटे दाबून भाव सांगितला. मुद्दाम पाडून.

त्याने हात झटकला. "थट्टा करून राह्यले का साहेब? महिना-दीड महिन्यात वासरू देते हे गाय!"

"पावतीत तर भाकड आहे."

 पावती दुसऱ्याच गाईची निघाली. पशुवैद्यकाने तपासून गाय गाभण असल्याचा दाखला दिला.

न्यायालयाचा आदेश येईपर्यंत गाय ठाण्याच्या आवारात बांधलेली. बाई रोज चारा आणायची. एका सकाळी गाय व्याली. मुद्देमालाचा हवालदार रजिस्टर घेऊन आला, "साहेब, एका नगाचे दोन झाले. कुठं चढवू?"

बाईला गाय परत देण्याचा आदेश आला, त्यात फक्त "गाय, एक". हवालदार म्हणाला, "वासराचा आदेश येईस्तोवर ते इथंच राहू द्या."

बाईने हातातले वासराचे दावे सोडलेच नाही. "कागदावर नाही म्हनून लेकराले मायपासून तोडता काय? प्याले कोन देईन, तुमी?"

हवालदार हसला, मी नाही. दोघांनाही बाईच्या ताब्यात दिले.

महिनाभरात मेमो आला : विनापरवानगी मुद्देमाल का सोडला? पुढे पदोन्नतीत तोच आडवा आला. शिपाई म्हणून भरती होऊन परीक्षा देत वर आलेल्या माणसाला हे अजून झोंबते.

मी मटण खाणारा माणूस, जीवदयेचे भाषण मला जमत नाही. पण जप्त केलेल्या मोटारसायकली आवारात गंजतात, त्यांना भूक लागत नाही. गाय कायद्याने मालमत्ता असेल, तर त्या वासराचा आईच्या दुधावरचा हक्क कोणत्या रकान्यात लिहायचा? निवृत्तीनंतर दोन वकिलांना विचारले. दोघांची उत्तरे वेगळी आली. मला अजून नेमके कळलेले नाही.

मेमोला मात्र मी एका ओळीचा खुलासा दिला होता, आणि त्यातला शब्द आजही बदलणार नाही : "सदर वासरू ठाण्यात जन्मले, त्याला कोणी जप्त केले नव्हते, सबब सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही."