पंचमध्ये घातलेला गूळ

मॅच नेमकी कुणासोबत बघायची असते? तुम्हाला सांगता येईल? मला आजही येत नाही.

आज फायनल. बीडला आमच्या रूमवर ऑफिसच्या मैत्रिणी जमल्या आणि वाईन पंच करायचं काम माझ्याकडं आलं. रेड वाईन, मोसंबीचा रस, सफरचंदाच्या फोडी. साखर संपली होती, म्हणून आईनं माजलगावजवळच्या ऊसतोडीवरून पाठवलेला गूळ विरघळवून ओतला.

चव घेतली आणि उसाच्या फडावरची आमची कोपी, पाचटाची झोपडी, आठवली. कारखाना बंद पडला की तोड थांबायची. मग माझे वडील, अण्णा, मोबाईलच्या रेडिओवर मॅच लावायचे, आई सगळ्या टोळीला गुळाचं लिंबूपाणी करायची. घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तेव्हापासून अण्णा मला तिकडं येऊच देत नाहीत. म्हणतात, "हितं तुझं काय काम आता?"

आईला फोन लावला.

"काय करायलीस गं?"

"वाईनचं सरबत. तुझा गूळ घातलाय."

"अगं बाई! माझा गूळ दारूत घातलास व्हय?"

मागून अण्णांचं हसू ऐकू आलं. "आज कारखाना बंद हाय, बाई. मॅच लावलीय. तू पायजे होतीस."

फोन ठेवला.

मैत्रिणींना म्हटलं, पंचमध्ये सोडा अगदी शेवटी घाला. उरलेला गूळ आणि लिंबं पिशवीत टाकली. अण्णांना विचारलं नाही. हे लिहितेय ते माजलगावच्या एसटीतून, दुसरी इनिंग कोपीवर बघायला निघालेय.