डॉक्टरांच्या गाडीची मागची सीट

कुठलीही जुनी गाडी समोर आली की साहेब आधी खिशातून लोहचुंबक काढायचे. मडगार्डला लावायचे आणि हात सोडायचे. खाली पत्रा असेल तर चुंबक चिकटून राहायचं. खड्डा बुजवायला लांबीची पुट्टी थापलेली असेल तर ते टपकन खाली पडायचं. पडलं की साहेब गाडीकडे नाही, मालकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "शी."

पुढे काही बोलायची गरज नसायची. ताटात झुरळ निघालेल्या माणसासारखा चेहरा करून ते नळावर जाऊन हात धुवायचे. मालक चुंबक उचलून हातात धरून उभा राहायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना जगात स्वच्छ असं काही दिसतच नाही. पण यांनी धंदाच गंजाचा, काजळीचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा निवडला होता. सरकारी मोटार वर्कशॉपमधून साहेब म्हणून निवृत्त झाले, वाशीत घर घेतलं, आणि तुर्भ्याला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन जुन्या विलायती गाड्या दुरुस्त करायला लागले. मी विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचो. जुन्या गाडीची किंमत काढायची असली की लोक मला बोलवायचे आणि मी साहेबांकडे जायचो. वाशी तेव्हा नवीनच वसत होती. संध्याकाळी करायला दुसरं होतंच काय?

साहेबांचं म्हणणं एकच, "होतं तसं ठेवा." सीटला रेक्झिन लावणाऱ्याला ते गुन्हेगार समजत. चेंबूरचा एक बिल्डर बापाच्या जमान्यातली गाडी घेऊन आला. त्याला फोमच्या सीटा हव्या होत्या आणि टेपरेकॉर्डर. हे म्हणाले, "वडील आहेत का? त्यांना जीन्स घालता? नाही ना? मग हिला का?" बिल्डर तणतणत गेला. दुसऱ्या एका मालकाची गाडी तयार झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात तो बायकोसकट भिजून तक्रार करायला आला. छत मूळचं कापडी होतं, ते यांनी बदललंच नव्हतं. "मूळ छत आहे, गळणारच," हे म्हणाले. "भिजायचं नसेल तर एस.टी.ने जात जा." म्हणजे माणूस बरोबरच असायचा असं नाही. पण समोरचा माणूस चूक आहे याबद्दल त्यांना कधी शंका नसायची.

अशात पनवेलहून डॉक्टरीणकाकू आल्या.

त्यांचे यजमान पनवेलचे जुने डॉक्टर. उरणपर्यंतच्या गावांत त्यांची काळी गाडी पोरंटोरं ओळखायची. रस्ते नव्हते तेव्हा अडलेल्या बाया ते याच गाडीतून दवाखान्यात आणत, आणि कित्येकींची सुटका वाटेतच, मागच्या सीटवर होई. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी गोठ्यात उभी, तिच्यात कोंबड्या. काकूंना गाडी चांगली करून विकायची होती आणि वाशीत फ्लॅट घ्यायचा होता. मूलबाळ नव्हतं. "मला आता विहीर नको, परस नको," त्या म्हणाल्या. "नळ सोडला की पाणी यायला हवं."

गाडी शेडमध्ये आली त्या दिवशी मी हजर होतो. डॅशबोर्डच्या सुंदर लाकडावर कोणीतरी खिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट फासला होता. बॉनेटखाली उंदरांचा संसार होता, डिकीत कोंबड्यांच्या विष्ठेचा थर. प्रत्येक दार उघडलं की साहेबांचं "शी" आणि "कोणी शिकवलं हो यांना?" शेवटी त्यांनी मागचं दार उघडलं. तपकिरी चामड्याच्या सीटच्या मधोमध मोठा काळपट डाग होता आणि त्यातून एक जुना, आंबट वास येत होता. ते बाहेर गेले, शेडमागे ओकले, चूळ भरून परत आले.

आणि तरीही ती सीट त्यांनी होती तशी ठेवली. कोपरखैरण्याचा एक सीटवाला त्यांच्याकडे काम करायचा. तो म्हणाला, "सायेब, वास आत भरलेल्या केसान हाय. पानी मारून काय उपेग नाय, ही सीट फेकून द्या." हे त्याच्यावर खेकसले. सीटच्या उसवलेल्या शिवणी त्यांनी स्वतः मेण लावलेल्या दोऱ्याने घातल्या, तोंडाला फडकं बांधून. डागाला बोट लावलं नाही. "ही गाडी म्हणजे हा डाग आहे," ते मला म्हणाले. खरं सांगतो, मलाही ते तेव्हा पटलं होतं.

मुंबईच्या एका शेठना त्याहून जास्त पटलं. त्यांच्याकडे अशा गाड्यांचा ताफा होता. सोबत चार मित्र घेऊन ते बघायला आले, गोष्ट ऐकली, अंगठ्या घातलेला हात डागावर ठेवला आणि मित्रांना म्हणाले, "यही तो असली चीज़ है." मग प्रत्येकाने हात ठेवून पाहिला. मला किळस आली, पण किंमत ठरवायला मलाच बोलावलं होतं, म्हणून मी कागदावर आकडे मांडत राहिलो. शेठचा आकडा माझ्या अंदाजाच्या पुष्कळ वर होता. अट एकच, सीट बदलायची नाही. त्या पैशात काकूंचा फ्लॅट आरामात होत होता.

काकू गाडी बघायला आल्या त्या दिवशी साहेबांनी दाढी केली होती. गाडी खरंच आरशासारखी झाली होती. काकू सगळीकडून फिरल्या, डॅशबोर्डच्या लाकडावरून हात फिरवला, "छान केलंत" म्हणाल्या. मग यांनी मोठ्या ऐटीत मागचं दार उघडलं.

काकूंनी पदर नाकाला लावला. "हे अजून आहे?"

"हातसुद्धा लावला नाही, बाई. डॉक्टरांचं पुण्य आहे ते."

"पुण्य त्यांचं होतं," काकू म्हणाल्या. "सीट मी धुवायचे."

सीटवाल्याने हातातलं काम थांबवलं.

"लोक त्यांच्या पायावर डोकं ठेवून जायचे आणि मी परसात बसून राखेने ही सीट घासायचे. दर खेपेला. वास जायचा नाही, मग मला जेवण जायचं नाही. ते म्हणायचे, एवढी कसली घाण वाटते, बाईमाणूस ना तू?" त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "माझी वेळ आली तेव्हा गाडी जासईला गेली होती, दुसरीला आणायला. ती सुटली. माझं मूल गेलं. आणि मी उठून बसायला लागल्यावर पहिलं काम हेच केलं. ही सीट धुतली."

किंमत काढणं हे माझं काम. म्हणून मीच म्हणालो, "काकू, सीट काढली तर शेठ गाडी घेणार नाहीत. या डागावर मित्रांसकट हात ठेवूनच त्यांनी आकडा सांगितलाय. फ्लॅटचं राहून जाईल."

"राहू दे. विहिरीचं पाणी काढत मरेन. पण लोकांनी यावर हात ठेवावा म्हणून मी ही विकणार नाही. नाहीतर गाडी खाडीत ढकला."

आता साहेब "होतं तसं ठेवा"वर भाषण देतील असं मला वाटलं. त्यांनी सीटवाल्याकडे हात पुढे केला आणि सुरी मागितली.

सीट त्यांनी स्वतः फाडली. स्वतः घातलेल्या शिवणी स्वतः उसवल्या. चामडं, आतले घोड्याचे केस, गोणपाट, सगळं शेडमागे नेऊन पेटवलं. जळकं चामडं आणि केस यांचा वास तुम्हाला माहीत असेल तर मी काय सांगू, आणि नसेल तर देव करो कधी न येवो. शेजारच्या कारखान्यातली माणसं नाक धरून बाहेर आली. "अंकल, क्या मुर्दा जला रहे हो क्या?" कोणीतरी ओरडलं. मी रस्त्यापर्यंत पळालो. हे मात्र सळई घेऊन ढिगाऱ्याला लागून उभे होते, एकेक तुकडा आगीत ढकलत. काकूही शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

सगळं विझल्यावर ते म्हणाले, "बाई, इतके महिने मी हे जपत बसलो. मला माझीच शिसारी आली."

काकू म्हणाल्या, "तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं."

शेठ फोनवर चिडले. यांनी त्यांना जी उत्तरं दिली ती छापता येणार नाहीत. त्यातला सगळ्यात सभ्य शब्द 'गिधाड' होता. पुढे ठाण्याच्या एका गृहस्थांनी गाडी घेतली, बरीच कमी किंमत देऊन. काकूंचा फ्लॅट एका खोलीने लहान झाला, पण झाला. यांनी मागच्या सीटला नवं कोरं चामडं शिवलं, आयुष्यात पहिल्यांदा. गाडी ठाण्याला पाठवण्याआधी काकूंना त्यांच्या ट्रंकेसकट त्यांनी स्वतः पनवेलहून वाशीला आणलं. मीही पुढे बसलो होतो. काकू मागे बसल्या तेव्हा हे दार धरून उभेच राहिले. कामाबद्दल कोणाचं मत न विचारणारा माणूस, विचारतो काय, "वास येतो का?"

"नव्या चपलांचा येतो," काकू म्हणाल्या. मग साहेबांनी दार लावलं आणि गाडी सुरू केली.

दोनेक वर्षांत साहेब गेले. झोपेतच गेले, म्हणजे शेवटी कोणाला शिवी द्यायची संधी मिळाली नाही. शेडमध्ये कोणीतरी सिमेंटच्या गोण्या ठेवल्या.

त्यानंतर एकदा मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे ती गाडी मला दिसली. ठाण्याच्या गृहस्थांनी ती विकून टाकली होती. मागचं दार उघडं ठेवलं होतं, पुढे रांगेसाठी दोरी, आणि पाटी: याच सीटवर खेड्यापाड्यांतली कित्येक बाळं जन्माला आली. मी वाकून पाहिलं. साहेबांनी शिवलेल्या चामड्यावर मधोमध डाग होता. बुटाच्या पॉलिशचा असावा, कडा नीट पुसून पसरवलेल्या. लोक रांगेने येऊन त्यावर हात ठेवत होते. एका बाईने सुनेलाही ठेवायला लावला.

तिथून मी थेट वाशीला काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या रडतील. त्या ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या, पदराने तोंड झाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आज तुमचे साहेब हवे होते हो," त्या म्हणाल्या. "इतकं घाण बोलणारं माणूस आता कुठून आणायचं?"