वेलाला न घातलेलं पाणी

वैशाख वद्य सप्तमी, शके १७८७. अमरावती.

सकाळपासून पानवेलाच्या रांजणातली माती उपसते आहे. दोन दिवस पाणी थांबवलं म्हणून वरचा थर कोरडा दिसतो, पण वीतभर खाली हात घातला की चिखल लागतो. मुळापर्यंत अजून पोचले नाही. मध्येच हात धुऊन लिहायला बसले, कारण मुळं पाहिल्यावर लिहायचा धीर राहील की नाही ते सांगता येत नाही. अक्षरं मला बापानं शिकवली. पानांची कोणती डाली कोणत्या बाजाराला जायची त्याच्या चिठ्ठ्या लिहायला घरात कुणीतरी हवं होतं. त्या चिठ्ठ्यांपलीकडे मी फारसं लिहिलेलं नाही. हे मोर्शीला, माझ्या सासरी, वाचून दाखवावं. आमच्यासारखे मळे सोडून अकोल्याला आणि इथं आलेत, त्यांनीही ऐकावं.

आम्ही निघालो त्याला या ज्येष्ठात तीन वर्षं होतील. गाडी दाराशी उभी होती आणि मागे पानमळ्यात कुदळी चालू होत्या. कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. धाकटे दीर सखाराम भाऊजी म्हणाले की पानं विकून कोण मोठा झाला, सगळी जमीन कापसाखाली घालू. एक पानमळा उभा करायला आमच्या सासऱ्यांची दहा वर्षं गेली होती. तो मोडायला तीन दिवस लागले. पानमळ्याला बारा महिने हात लागतात. पाणी, बांधणी, तोडणी, पानं चळतीनं लावणं. कापसाला तितके लागत नाहीत. आमचे चार हात जास्तीचे झाले, आणि शहरात मजुरी चांगली मिळते असं सगळेच सांगत होते.

उपटलेल्या वेलांचा ढीग बांधावर सुकत होता. त्यातले पाच तुकडे मी काढले, ओल्या फडक्यात आणि पळसाच्या पानांत गुंडाळले. सासूबाई बघत होत्या. रडल्या नाहीत, मीही नाही. एवढंच म्हणाल्या, "घरात वेल लावशीन तं घर मळ्यासारखं ठेवजो. चपला बाहेर. आन तुह्ये चार दिवस आले का तू बी बाहेर." आम्हा पानमळेवाल्यांत वेल म्हणजे देवी. पाळी आलेली बाई मळ्यात पाऊल ठेवत नाही. मोर्शीला ते सोपं होतं, कारण मळा वेगळा आणि घर वेगळं होतं.

आधी अकोल्याला गेलो. यांना कापसाच्या गठाणी बांधायचं काम लगेच मिळालं. पाचही तुकडे पावसाळ्यात लागले, दोन-दोन पानं फुटली, मला वाटलं जमलं. पाऊस सरल्यावर विहिरीचं पाणी घालायला लागले आणि पानांच्या कडा जळायला लागल्या. पूर्णेकाठच्या त्या भागात पाणी खारं. डाळ शिजत नाही त्या पाण्यात, वेल काय जगणार? कुंडीच्या मातीवर पांढरी खपली धरायची. मला मळ्याची माती कळत होती, हे पाणी कळत नव्हतं. चार वेल गेले. पाचवा वाचावा म्हणून मी यांच्यामागे लकडा लावला की अमरावतीला चला, तिथलं पाणी गोडं आहे. हे चिडले. "तू माह्यासंग आली का वेलासंग?" असं विचारलं. मी म्हटलं, सध्या वेलाची तब्येत जास्त वाईट आहे. चांगलं चाललेलं काम सोडून ते आले. हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते, कारण ते स्वतः कधी बोलणार नाहीत.

इथं एक खोली आहे. पूर्वेला खिडकी, पलीकडे कापसाचं आवार. हंगामात सरकीचा आणि रुईचा धुरळा उडतो, तो भाकरीवर बसतो, पांघरुणावर बसतो आणि पानांवरही बसतो. जे कुणी येणार असतील त्यांना सांगते: घरात झाड ठेवायचं तर आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्यानं पान न् पान पुसा, नाहीतर रुईच्या थराखाली ते घुसमटतं. कोणतं झाड आणायचं तेही ऐका. कोरफड आणा, दाराला उलटी टांगली तरी मरत नाही आणि भाजलं तर उपयोगी पडते. ओव्याचं पान आणा, फुटक्या माठाच्या बुडात वाढतं, पोरांच्या खोकल्याला चालतं. तुळस दारात उन्हातच ठेवा, कोपऱ्यात ठेवली की काडी होते. पुदिना सावलीत येतो. मोगऱ्याचा मोह धरू नका, एका खोलीत त्याला ऊन पुरत नाही. आणि पानवेल आणूच नका. हा शेवटचा सल्ला मला कुणी दिला असता तरी मी ऐकला नसता.

हे सगळं मला शेजारच्या अमीनाबीनं शिकवलं. तिचा नवरा गाडीची चाकं दुरुस्त करतो. तिच्या ओट्यावर चौदा कुंड्या आहेत, सगळ्या फुटक्या आणि सगळ्या भरलेल्या. पहिल्याच महिन्यात तिनं मला रोज सकाळी रांजणात तांब्या ओतताना पाहिलं आणि हसली. "दुल्हन है क्या, रोज नहलाती?" मी सांगितलं की आमच्या मळ्यात पाटानं रोज पाणी फिरतं. "वो जमीन है, बाई. ये मटका है. मटके का पानी कहाँ जाएगा?" मी तोंडावर हो म्हटलं आणि मनात म्हटलं, पानवेलाचं हिला काय कळतं? आम्ही सात पिढ्या वेल लावतो. रांजणाच्या बुडाला मी एकच भोक पाडलं होतं, तेही करंगळीएवढं.

दर महिन्याचे चार दिवस मी अमीनाबीच्या ओट्यावर काढले. दोन वर्षं. तिथंच झोपायचं, पावसात गोणपाट पांघरून आणि उन्हाळ्यात भिंतीला टेकून. चाळीस ओलांडलेल्या बाईनं दुसरीच्या ओट्यावर वळकटी घेऊन बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओळखायचं. अमीनाबीनं कधी काही विचारलं नाही. जाताना मी यांना बजावायची, सकाळी एक तांब्या वेलाला घाला. हे म्हणायचे, घालतो. परत आले की वेल टवटवीत असायचा. छपरापर्यंत गेला, आढ्यावरून खिडकीकडे वळला. पानं तळहाताएवढी. आमचंच कपुरी पान, तीच चव. एक पान खाल्लं की संध्याकाळी मोर्शीला जाऊन आल्यासारखं व्हायचं, आणि म्हणूनच मी महिन्याला एकच खायची.

आता काय झालं ते. जिच्यामुळे कापूस महागला होता ती परदेशातली लढाई संपली म्हणे आणि कापसाचा भाव पडला. इतका पडला की व्यापारी गाड्या दारातून परत पाठवतात. यांचं काम महिन्यातून आठ दिवसांवर आलं. रुईच्या धुरळ्यानं यांना खोकला धरला आहे. पहाटे उठून बसतात आणि गुडघ्यांत डोकं घालून खोकतात. इथं आणखी एक हंगाम ते काढतील असं मला वाटत नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सखाराम भाऊजी आले. चौकटीला धरून उभे राहिले, आत येईनात. तीन वर्षांपूर्वी याच माणसाच्या हाताखाली कुदळी चालल्या होत्या. आता केस पिकलेत.

"दादा, माहं चुकलं," म्हणाले. "घरात कापसाचा ढीग पडून हाय, कोनी इचारत नाही. मी मळा पुन्ना लावून राहिलो. मृगाले गाडी घेऊन येतो. तुमी दोघं चाला. वहिनीचा वेल न्या लागते."

"वेल दुसरीकडून भेटत नाही?" यांनी विचारलं.

"कोन देते? सगळ्यायनंच उपटले. ज्याचा राहिला तो बाहेरच्या हाती देत नाही. आपन तरी कोनाले देल्ला होता?"

ते खरं आहे. आम्ही कधी कुणाला दिला नाही.

मग भाऊजींनी मान वर करून आढ्याकडे पाहिलं. खालची निम्मी पानं पिवळी, देठ मऊ पडलेले. नंतर माझ्याकडे न बघता भावाला म्हणाले, "दादा, घर एका खोलीचं. वेलाले सोसत नसंल." एवढंच. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, यांनाही कळलं. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

ते गेल्यावर मी हिशेब लावू लागले, दिवसांचा. मला पौषापासून पाळीच आलेली नाही. वयानं गेली. म्हणजे पाच महिने या घरात विटाळ नाही, मी एक रात्र ओट्यावर काढली नाही. आणि वेल पिवळा पडायला लागला तो माघात. आधी दोन वर्षं, विटाळ होता तेव्हा, त्याचं एक पान पिवळं नव्हतं. हे उलटं कसं?

यांना विचारलं, "मी बाहीर असताना तुमी किती पानी घालत होते?"

"एक तांब्या. तूच सांगतलं ना."

"खरं सांगा."

हे खोकले. तो खोकला खोटा होता, मला फरक कळतो. "अवं, अंधारात उठून कामाले जात होतो मी. कदी घातलंच नाही."

"दोन वर्सं?"

"दोन वर्सं. तुह्या वेलाले काई झालं का त्याच्यानं? चांगला तं होता."

महिन्यातून चार दिवस त्या वेलाची माझ्यापासून सुटका होत होती. तेवढ्यात माती वाळत होती, मुळं श्वास घेत होती. पाळी थांबली, मी घरात राहिले, रोज न चुकता तांब्या ओतला आणि पाच महिन्यांत वेल बुडवला. विटाळानं नाही, मोर्शीकरांनो. मायेनं, आणि सात पिढ्यांच्या माहितीनं.

इथवर लिहून पुन्हा रांजणाशी गेले. आता मुळं पाहिली. काळी आहेत. बोटांत धरली की साल सुटून येते आणि आत दोरा राहतो. वास येतो. खालचा दीड हात वेल तपकिरी आणि मऊ आहे. त्याच्या वर, आढ्याच्या बाजूला, पाच हात हिरवा आहे, पण सड चढते आहे. परवा जिथं खूण म्हणून दोरा बांधला होता त्याच्या दोन बोटं वर आली आहे.

मळ्यात असतं तर तुकडे पावसात लावले असते. वैशाखात, या उन्हात, कुणी वेल कापत नाही. दहातला एक लागला तर लागला. पाऊस पडेपर्यंत थांबावं तर तोवर सड शेंड्याला पोचेल आणि कापायला काही उरणार नाही. हे म्हणतात, हात नको लावू, देवीची मर्जी. मर्जी विचारायला वेळ नाही. वेल नसला तर भाऊजींची गाडी कशाला येणार? आणि आली नाही तर पुढच्या हंगामात हे पुन्हा त्या आवारात जाणार. अकोल्यात आणि इथं मला लोक विचारतात, तुमचं घर कुठं? मी मोर्शी सांगते. आज दुपारी कुणी विचारलं असतं तर मी आढ्याकडे बोट दाखवलं असतं, त्या पाच हातांकडे.

अष्टमी, सकाळ.

जे केलं ते स्वतःच लिहिते, म्हणजे नंतर कुणाला दुसऱ्याकडून कळायला नको.

उजाडताच विळा दगडावर घासला, चुलीच्या आगीत धरला, गार केला. हे भिंतीकडे तोंड करून बसले. हिरवा भाग कापून उतरवला. प्रत्येक तुकड्याला तीन पेरं ठेवली. आठ तुकडे झाले. अमीनाबीनं दिलेल्या चार फुटक्या कुंड्यांना तळाशी चार-चार भोकं पाडली, खापऱ्या घातल्या, वर माती आणि निम्मी वाळू. चार तुकडे लावले. पाणी एकदाच, ओंजळीनं.

उरलेले चार ओल्या फडक्यात घेतले आणि अमीनाबीच्या ओट्यावर गेले. ती सून पारखावी तशी डाळ निवडत होती. मी म्हटलं, हे तू लाव, तुझ्या मातीत, तुझ्या हातानं, आणि पाणी कधी घालायचं ते मला विचारू नकोस. तिनं फडकं उलगडून बघितलं. आमच्यात वेल बाहेरच्या हातात देत नाहीत हे तिला ठाऊक आहे, दोन वर्षं मी तिच्या ओट्यावर का बसत होते हेही ठाऊक आहे.

"तेरे देवर को पता चला तो?"

"सांगनार हाय मी. लिहूनच देऊन राहिली."

"और लिया नहीं तो?"

भाऊजी, त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. मृगाला गाडी आणाल तेव्हा माझ्या दारातल्या कुंड्यांत फुटवा असेल, नाहीतर तिच्या ओट्यावर असेल, नाहीतर कुठंच नसेल. तिच्याकडचा लागला तर तो घ्यायचा की नाही ते रस्त्यातच ठरवून या; दारात उभं राहून ठरवू नका, दादांना आत खोकला आवरत नाही.

अमीनाबीनं डाळीचं सूप बाजूला सारलं, पुदिन्याची सगळ्यात चांगली कुंडी पुढे ओढली आणि पुदिना मुळासकट उपटून काढला. मी माती मोकळी केली. तिनं पहिला तुकडा खोचला.