काचवाल्याचा पहिला फोटो

बाजारातल्या त्या काचवाल्याला सगळे वस्ताद म्हणायचे. खिडकी फुटो, आरसा तडको, लोक त्याच्याकडेच यायचे. काच कापायच्या हिरकणीनं एकच रेघ ओढायची, खालून टक करायचं, की काच दोन. डाव्या हाताची बोटं मात्र पार वाकडी. नवं गिऱ्हाईक हळूच विचारायचं, काचेनं गेली का हो? वस्ताद म्हणायचा, "काच बरी. ती सांगून कापते."

बोटं गेली होती पोलीस ठाण्यात. विशीतली गोष्ट. तेव्हाच्या पोरांनी सरकारविरुद्ध रान उठवलं होतं आणि वस्ताद त्यात पुढे. साथीदारांची नावं सांग म्हणून फौजदारानं त्याची बोटं टेबलाच्या खणात घातली आणि खण लाथेनं बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. पठ्ठ्यानं तोंडातून ब्र काढला नाही. स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही. त्यांच्यात नियमच होता तसा. एकमेकांना टोपणनावानं हाक मारायची, आणि फोटो म्हणजे फास. त्यांच्यातला चष्म्या सहलीच्या एका फोटोवरून ओळखला गेला. घरातून ओढून नेला आणि चादरीत गुंडाळून परत आणला. आईला तोंड बघू दिलं नाही. बघण्यासारखं उरलंच नव्हतं. त्यानंतर वस्तादानं जन्मात फोटो काढून घेतला नाही. स्वतःच्या लग्नातून फोटोवाल्याला हाकललं, आणि बायको मरेपर्यंत त्यावरून टोमणे मारत होती.

अशा माणसाची नात दिवसभर स्वतःचे फोटो काढणार, म्हणजे नशिबाची थट्टाच की! पोरीनं केस निळे केले होते. कॉलेजच्या पोरांचं वसतिगृह पाडून तिथं दुकानं काढायचं घाटत होतं, त्याविरुद्ध ही मंडळी ढोल वाजवत, नाचत मोर्चे काढायची आणि सगळं फोनवरून जगाला दाखवायची. वस्तादाला ते बघवायचं नाही. आम्ही मोर्चाला निघताना आईच्या पाया पडायचो, म्हणायचा, ही पोरं चार्जर घेऊन निघतात. बॅटरी संपली की क्रांती संपली. नात काय ऐकून घेणारी होती? तुम्ही तोंड बांधून लोकांच्या काचा फोडल्यात, ती म्हणायची, आणि उरलेला जन्म त्याच बसवत बसलात. यावर वस्ताद हसायचा. त्याचं खरं दुःख वेगळं होतं. या पोरांचे चेहरे उघडे होते आणि त्याला प्रत्येक चेहऱ्यावर चष्म्या दिसायचा.

त्या दिवशी दुपारी मोर्चा बाजारात आला आणि पोलिसांनी दोन्ही टोकांनी रस्ता अडवला. फोनचं जाळं सकाळपासून बंद करून ठेवलं होतं. आधी ढोल फाटला, मग डोकी फुटायला लागली. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. वस्तादानं आपलं अर्धंच ओढलं, कारण नात धावत आत शिरली होती आणि तिचा मित्र लंबू मागे होता. ढोल वाजवणारा तोच. बिचारा उंबऱ्यापर्यंत पोचला आणि गालावर मस असलेल्या एका फौजदारानं मागून त्याच्या गुडघ्यावर दंडुका घातला.

पोरगं आडवं झालं. फौजदारानं थांबायचं ना? पण मेला थांबेना. पाठीवर, बरगड्यांवर, मग डोक्यावर. दंडुका मोडला तेव्हा बुटानं. लंबू आधी ओरडत होता, मग नुसता घरघरायला लागला, आणि उंबऱ्यावरून रक्त आत वाहत आलं. उभ्या काचांमागे दडून नात फोनवर सगळं टिपत होती. रडत होती, पण हात हलू देत नव्हती.

फौजदारानं मान वर केली. काचेत त्याला काहीतरी हललेलं दिसलं असावं.

वस्तादानं क्षणाचाही विचार केला नाही. जित्याची खोड! नातीच्या हातातून फोन हिसकला, कापायच्या टेबलावर ठेवला आणि हातोडीनं त्याचा चुरा करून काचेच्या कडा घासायच्या पाण्यात लोटला. फौजदार आत आला, नातीचे केस धरून तिची झडती घेतली, काही मिळेना म्हणून वस्तादाच्या कानफटात मारली आणि भिंतीला लावलेल्या काचा एकेक करून फोडल्या. निघताना लंबूला पायाला धरून त्याच काचांवरून फरफटत नेलं.

वस्तादाला वाटलं, नात वाचली. तो तिला जवळ घ्यायला गेला, तर ती मागे सरकली.

"आजोबा, त्यात मी नव्हतेच. तो फौजदार होता. मारताना. दुसऱ्या कुणाकडे काही नाही."

लंबू संध्याकाळी दवाखान्यात मेला. पोलिसांनी जाहीर केलं, पळताना काचेच्या दुकानात पडला, काचा डोक्यात घुसल्या. चोराच्या उलट्या बोंबा! वस्तादाची काच खुनी ठरली, आणि पोलीस खोटं बोलताहेत हे दाखवणारी एकच वस्तू त्यानं स्वतःच्या हातानं फोडली होती. नातीनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

सकाळी फोन सुरू झाले. वस्तादानं दुकान उघडलं. काचा झाडल्या नाहीत, उंबरा पुसला नाही. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि रक्ताच्या डागाशेजारी स्टूल टाकून बसला. नातीला म्हणाला, मैत्रिणीचा फोन आण आणि तुमच्या त्या जगाला दाखव. ती घाबरली. आजोबा, चेहरा दिसेल तुमचा, ओळखतील. तो म्हणाला, ओळखू देत.

ज्या तोंडातून बोटं चिरडली तरी नाव निघालं नव्हतं, त्या तोंडानं त्यानं आपलं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, दुकानाचा पत्ता सांगितला. चष्म्याचं खरं नावही सांगितलं. ते त्याला चादरीवरच्या चिठ्ठीवरून कळलं होतं. मग लंबूला कुठे, कशानं, कुणी मारलं ते क्रमानं सांगू लागला. काचा नंतर फुटल्या, आणि कुणी फोडल्या, तेही. बघणारे वाढत गेले, तशी बाजारातली शटरं पुन्हा खाली यायला लागली.

गाडी आली. मसवाला फौजदार उतरला आणि नवा दंडुका घेऊन सरळ आत आला. नातीनं घाबरून फोन पाठीमागे लपवला. वस्तादानं वाकड्या बोटांनी तिचं मनगट धरलं आणि फोन पुन्हा वर केला.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "आम्हां दोघांचा फोटो नीट येऊ दे."

पहिला फटका त्याच हातावर बसला. फोन हलला नाही.