समेवरची चन्नी

शेंगदाण्याची चटणी अर्धी कांडून झाली होती. दाणे उखळात नुकते तेल सोडायला लागलेले, आणि तेवढ्यात इंद्रजितनं कॅमेरा थेट मुसळावर लावला.

"मावशी, थांबू नका. याच ठेक्यातून तुम्हाला बंदिश सुचते, असं दाखवू."

"उखळातनं चटणी निघती, बाबा. बंदिश न्हाय," चन्नम्मा म्हणाली आणि तिनं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

मुरुम गावच्या या साठीतल्या बाईवर माहितीपट करायला तो पुण्याहून आला होता. चाळीस वर्षांत तिनं रागदारीतल्या एकशे बारा बंदिशी बांधल्या. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की तासभर दार लावून, तंबोरा घेऊन ती वहीपुढं बसायची. घरी पाहुणे असोत की पोळ्याचा स्वैपाक, तो तास तिनं कुणाला दिला नाही. स्वतः मात्र मंचावर कधी बसली नाही. तिच्या चिजा दुसरेच गात. एका मैफलीत तर गायकानं "ही पारंपरिक चीज" असं सांगून तिचीच बंदिश सुरू केली. ती तिसऱ्या रांगेत बसलेली होती. घरी आली, वही उघडली आणि एकेक करून सगळ्या अंतऱ्यांत आईनं ठेवलेलं लाडकं नाव घातलं, चन्नी. बांधणाऱ्यानं अंतऱ्यात आपलं नाव गुंफायची रीत जुनीच. चन्नम्मानं ते समेवर ठेवलं, ठेका जिथं येऊन आदळतो तिथं. कुणी काढायला गेलं तर सगळी बंदिश लंगडली पाहिजे.

इंद्रजितनं आता फोनवर मुलतानी रागातली बंदिश लावली. पुण्याच्या एका नामांकित गायिकेकडून माहितीपटासाठी मुद्दाम गाऊन घेतलेली, चन्नम्माचीच. आवाज लई गोड. ती डोळे मिटून ऐकत होती, बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. अंतरा आला आणि बोटं थांबली.

"चन्नी कुठाय?"

"म्हणजे?"

"'कहे चन्नी, द्वार न खोलूँ.' हिनं 'कहे सजनी' म्हटलंय."

इंद्रजित चाचरला. "त्यांना ते नाव जरा गावठी वाटलं. अर्थ तर तोच राहतो ना, मावशी?"

"माझ्यावर फिलम काढताय, आन् त्यातनं मलाच काढलं?"

पेपरामागून तिचे यजमान चन्नबसप्पा हसले. "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, साहेब. माझं नाव हिनं एकदा घेतलं न्हाय. स्वतःचं एकशे बारा येळा घेतलंया. ते सोडंल व्हय ही?"

"तुमी गप बसा वो."

इंद्रजितनं संमतीचा कागद पुढं केला. "त्या गायिकेची तारीख पुन्हा मिळायची नाही, आणि सोमवारी फिल्म द्यायचीय. तुम्ही सही केली नाही तर सगळं रद्द. मग तुम्ही कोण, हे कुणाला कळायचंच नाही."

हे मात्र लागलं. मठात तिनं चार जणींना सांगून ठेवलं होतं, टीव्हीवर येणार म्हणून. तिनं कागद हातात घेतला.

"नाव गाळून कळलं, तर काय कळलं?" ती म्हणाली. "व्हऊ द्या रद्द."

मग कागद त्याच्या हातात परत देत म्हणाली, "आमच्या गल्लीत पाशामियाँची हुमेरा हाय. शाळेत शिकवती, आठ वर्षं माझ्यापाशी गाती. तिच्या तोंडात चन्नी अडकत न्हाय. चार वाजता मुलतानीची येळ. ती गाईल, तेवढंच घ्यायचं. मग सही. थांबायचं असलं तर थांबा, न्हाय तर गाडी काढा."

इंद्रजित कॅमेऱ्याचं स्टँड मिटायला लागला होता. दोन पाय मिटले, तिसरा तसाच राहिला. "चारला उजेड बरा असतो इथं," तो पुटपुटला.

चन्नम्मानं मुसळ उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. "अहो, तेवढी चटणी कांडा. बारीक करू नका."

तिनं पदर खोचला, चप्पल घातली. आता पाशामियाँच्या घरी जाऊन हुमेराला बोलावून आणायचं होतं.